वारा पडलेल्या दिवशीचा बार

एबेलला पुरून आज नऊ दिवस झाले. तो होता तोवर मला तोंड उघडायची सोय नव्हती. त्याने काही माझं तोंड शिवलं नव्हतं, पण एकदा त्याने मला जे ऐकवलं त्यानंतर माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. आता तो गेला, आता सांगते. ऐकून शिव्या घालायच्या तर घाला. सत्याहत्तर वर्षांची थेरडी आहे मी, शिव्यांनी माझं काय वाकडं होणार.

एबेल माझा दीर. माझा नवरा जोसाया, त्याचा हा धाकटा भाऊ. आणि जोसाया म्हणजे आमच्या खाडीवरचा शिकारीचा कारभारी, एक ना दोन, एकतीस वर्षं. वसंतात बर्फ सुटायला लागलं आणि रानहंस दक्षिणेकडून यायला लागले की बंदूक कधी उचलायची आणि तंबूत बसून मोजे कधी शिवायचे, हे कारभारी सांगणार. रोज संध्याकाळी सात वाजता सगळ्या तळांवरचे रेडिओ चालू व्हायचे आणि जोसाया बोलायचा. "उद्या उत्तरेची दलदल. दक्षिणेकडे कुणी फिरकू नका, तिथे त्यांना चरू द्या." एवढंच. त्याचं बोलणं कायम असंच, मोजून मापून. लग्नाला होकारसुद्धा त्याने मान हलवून दिला होता.

त्याचे नियम पुष्कळ होते, पण एक नियम सगळ्यांच्या वरचा. वारा पडलेला असेल त्या दिवशी बार काढायचा नाही. वारा असला की बंदुकीचा आवाज तिथल्या तिथे फाटून जातो. वारा नसला की तोच आवाज पाण्यावरून कोस दोन कोस पळतो आणि किनाऱ्यावर जो कुणी हंस बसला असेल तो ऐकतो. हंस विसरत नाहीत. म्हाताऱ्या हंसांनी एकदा मनात घेतलं की ही जागा वाईट, की ते पिल्लांनाही ती दाखवत नाहीत. मग बसा आडोशात तोंड वर करून.

एबेल बाविशीचा होता तेव्हा त्याने हा नियम मोडला होता. दोन हंस अगदी डोक्यावरून गेले, पोराला राहवलं नाही, काढला बार. जोसाया दलदल तुडवत गेला, त्याच्या हातातली बंदूक घेतली आणि आणून आमच्या तंबूत टांगली. ती त्या मोसमात खाली आली नाही. सख्खा भाऊ, पण सतरा दिवस त्याला आम्हा बायकांत बसवून पिसं उपटायला लावली. मी चिडवायची, "भाऊजी, पुढल्या वर्षी तुम्हाला झगा शिवू का?" बिचारा खाली मान घालून पिसं उपटायचा. जोसाया चेष्टेतसुद्धा हसला नाही. नंतर मला म्हणाला, "हसतेस काय, त्याचं तोंड बघ. त्याला कळलंय."

हे सगळं सांगायचं कारण पुढे कळेल.

मग नद्या वर कुठेतरी अडवल्या. खाडीतलं पाणी बदललं, उथळ पाण्यातलं ते लांब हिरवं गवत मेलं, आणि हंसांना तर त्या गवतासाठीच यायचं असायचं. दरवर्षी थवे थोडे थोडे आत सरकले, धरणाच्या तळ्यांवरून जायला लागले. तरुण मंडळी ट्रक घेऊन तिकडे जाऊ लागली. रस्त्यावर गाडी उभी करायची, बार काढायचा, संध्याकाळी घरी येऊन टीव्ही बघायचा. आमच्या किनाऱ्यावर चार तळ उरले, त्यांतही म्हातारेच. जोसाया मात्र रोज सातला रेडिओवर बोलायचाच. "उद्या उत्तरेची दलदल." मी म्हणायची, "अरे, उत्तरेला आहे कोण, डास?" तो म्हणायचा, "ते येतील तेव्हा खाडी नीट असायला हवी." मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. खरं सांगायचं तर राग जास्त.

त्याच्या पोटात गाठ निघाली ती त्याच काळात. शहरात नेलं, पोट उघडलं, बघितलं आणि परत शिवलं. गावातल्या दवाखान्यातल्या नर्सने डब्यातलं गोड दूध दिलं, म्हणे यात सगळं असतं. जोसायाने एक घोट घेतला आणि म्हणाला, "हे पिऊन मेलो तर वर गेल्यावर बाप विचारेल, काय रे, तान्हा होतास का?" ती नर्स हसली. मी नाही हसले. तो त्यानंतर काही खाईना. मासा नको, भाकरी नको, बटाटा नको. नुसतं पाणी, तेही घोट घोट. हाडं वर आली. एबेलची मुलगी मार्लीन, मोठी मायाळू पोर, तिने धरणाकडचा हंस आणला, दिवसभर शिजवून कढण करून वाटीत घातलं. जोसायाने वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"तळ्याचा आहे," म्हणाला.

"हंस तो हंस, त्यात तळ्याचा आणि खाडीचा काय?" मी म्हटलं. "मरायला टेकलास तरी नखरे संपत नाहीत तुझे."

"याला गवताचा वास नाही. मला आपल्या खाडीतला हवा, रोडा. दोन घोट बस झाले."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा मागायचा नाही, कप पुढे करायचा. आणि आता मागितलं ते असं.

नर्सने हात जोडले, तळावर नेऊ नका म्हणाली. पण एप्रिलच्या शेवटी, समुद्रकाठचं बर्फ अजून धरून होतं तेव्हा, एबेलने त्याला घसरगाडीवर अस्वलाच्या कातड्यात गुंडाळून आमच्या तळावर पोचवलं. तंबू उभारून दिला, पत्र्याची शेगडी बसवली, स्प्रूस झाडाच्या कोवळ्या फांद्या खाली अंथरल्या. त्याचा स्वतःचा तळ नदीच्या पलीकडे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, दोन दिवसांत नदीवरचं बर्फ फुटेल. मग मला येता येणार नाही. जमेल ना?"

"तुमच्या जन्माआधीपासून हंस सोलतेय मी, भाऊजी," मी म्हटलं. 

नदी फुटली. आम्ही दोघंच राहिलो. मी चिखलाचे गोळे करून त्यांना जुनी पिसं खोचली, खोटे हंस केले, तळासमोरच्या उथळ पाण्याकाठी मांडले. विलो झुडपाच्या फांद्यांचा आडोसा केला. आणि बसले. वारा छान होता, अगदी हवा तसा. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी तीन हंस दिसले, पण इतके उंच की त्यांना आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी घसा फुटेस्तोवर हाका घातल्या. एकाने मान वळवली असं मला वाटलं, पण वाटलंच. संध्याकाळी सातला मी रेडिओचा माइक जोसायाच्या तोंडाशी धरायची आणि तो कुजबुजायचा, "उद्या उत्तरेची दलदल." पलीकडून एबेल म्हणायचा, "बरं, दादा." जणू तिथे हंसांची जत्रा भरली होती.

आठ दिवस असे गेले. जोसायाला मी आता हाताने फिरवू लागले, या कुशीवरून त्या कुशीवर, फांद्यांच्या गाठी टोचू नयेत म्हणून. पिसासारखा हलका झाला होता. लग्नानंतर याच माणसाने मला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती, आणि तेव्हा मी काही हलकी नव्हते.

नवव्या दिवशी वारा पडला. सकाळी तंबूबाहेर आले तर पाणी अगदी काचेसारखं, विलोचं पान हलत नव्हतं. शेगडीच्या नळकांड्यातून धूर सरळ उभा वर चालला होता. आजचा दिवस फुकट, असं म्हणून मी लाकडं फोडायला घेतली, आणि तेवढ्यात ऐकू आलं.

आधी एक, मग चार, मग सगळेच. दक्षिणेकडून तीस-पस्तीस हंस, खाली, इतके खाली की पोटं दिसत होती. आमच्या पाण्यावर गोल फिरले, पाय पुढे काढले आणि माझ्या चिखलाच्या गोळ्यांशेजारी येऊन बसले. कुऱ्हाड माझ्या हातातच राहिली. चार वर्षांत असं झालं नव्हतं.

मी आत धावले. जोसाया जागा होता. त्याचं तोंड, काय सांगू, त्या तोंडावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रंग होता.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"बहिरी आहे का मी?"

"बसू दे त्यांना. चरू दे. उद्या वारा सुटेल."

"आणि उद्या ते उडाले तर?"

"तर परत येतील. जागा त्यांना आवडली." एवढं बोलून तो दमला आणि त्याने डोळे मिटले.

मी त्याच्याजवळ बसले. त्याच्या गळ्यातली शीर बघत बसले. ती उडायची, थांबायची, पुन्हा उडायची. उद्या म्हणे. उद्याच्या गोष्टी कुणी करायच्या, ज्याच्याजवळ उद्या आहे त्याने. आणि खाडी राखायची तर कुणासाठी? मूल आम्हाला नाही. एबेलला मुलगी, ती ट्रकने तळ्यावर जाते. पुढल्या वर्षी या आडोशात बसणार कोण, मी एकटी? हंसांना जागा आवडली म्हणे. मला माझा माणूस आवडत होता, त्याचं काय? दोन घोट मागितले होते त्याने. दोन घोट, आणि ते तिथे, शंभर पावलांवर, पाण्यात डुंबत होते.

आता तुम्ही म्हणाल, थांबायला हवं होतं. मीही म्हणते, रोज म्हणते. पण तेव्हा मला त्या नियमाचा असा काही संताप आला की बस. मनात म्हटलं, आयुष्यभर वाऱ्याला विचारून जेवलो, आज नाही विचारणार.

बंदूक घेतली. आडोशामागून रांगत गेले. एकच काडतूस घातलं, म्हणजे एकच मारायचा, जणू एकाने पाप कमी होतं. कडेचा एक जाडा हंस गवत उपटत होता. मी बार काढला.

तो आवाज. मी आयुष्यात हजार वेळा ऐकला असेल, पण असा नाही. गेला तो गेलाच, पाण्यावरून, चिखलावरून, पलीकडच्या भूशिरापर्यंत, आणि तिकडून परत आला. समोरचे पस्तीस उडाले, ते उडणारच. पण त्यांच्या मागे, दक्षिणेच्या दलदलीतून, जिथे एकतीस वर्षं तो कुणाला पाय ठेवू देत नव्हता, तिथून उडायला लागले. शंभर. मग आणखी शंभर. मला मोजता येईनात. ते पहाटेच येऊन उतरले असणार, गुपचूप, त्याने राखलेल्या जागेत. गवत परत आलं होतं की काय कोण जाणे. सगळं आभाळ त्यांनी भरलं, ओरडत ओरडत एकदा खाडीवर फिरले आणि आत वळले, धरणाच्या दिशेने. मी बंदूक धरून चिखलात गुडघ्यावर बसले होते. मला कळलं होतं मी काय केलं ते. त्याच क्षणी कळलं.

मारलेला हंस घेऊन परत आले तर जोसायाचे डोळे उघडे होते.

"वारा होता?" त्याने विचारलं.

"होता थोडा," मी म्हटलं.

तंबूचं दार मी घाईत उघडं टाकलं होतं. त्यातून बाहेर नळकांडं दिसत होतं, आणि धूर काठीसारखा सरळ उभा होता. त्याने तिकडे बघितलं. मीही बघितलं. मग तो छताकडे तोंड करून पडून राहिला आणि मी पिसं उपटायला बसले, कारण दुसरं काय करणार. अर्धा दोरीला टांगून शेगडीसमोर फिरत ठेवला, अर्ध्याचं कढण केलं. चरबी ठिबकायला लागली आणि तंबूभर वास सुटला. गवताचा वास होता त्याला. खाडीचाच होता.

वाटी त्याच्या हातात दिली, खालून माझा हात लावला. त्याने ती बराच वेळ धरली. वाफ तोंडावर घेतली.  मग त्याने वाटी माझ्याकडे ढकलली.

"तू खा," तो म्हणाला. "टाकू नकोस. त्याचा काय दोष."

"जोसाया, तुझ्यासाठी मारला रे."

"माहीत आहे."

"दोन घोट घे. मागितले होतेस ना? हात जोडते तुझ्यापुढे."

त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. राग नव्हता. त्याला फक्त गिळवत नव्हतं.

सात वाजले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. मला रेडिओ लावायचाच नव्हता, पण त्याने बोटाने खूण केली. लावला. एरवी त्या वेळी गप्पा चाललेल्या असतात, कुणाचा कुत्रा पळाला, कुणाची साखर संपली. त्या दिवशी नुसती खरखर. मग एबेलचा आवाज आला.

"दादा, आज बार ऐकला आम्ही. सगळ्या तळांनी ऐकला. कुणी काढला?"

 सगळे वाट बघत होते. मी माइक उचलला, मी सांगणार होते, देवाशप्पथ सांगणार होते. जोसायाने हात पुढे केला. त्या हातात चमचा धरायची ताकद नव्हती, पण माइक त्याने माझ्याकडून काढून घेतला.

"मी काढला," तो म्हणाला. कुजबुजला नाही. पूर्वीचा, कारभाऱ्याचा आवाज होता तो, कुठून आणला कोण जाणे. "मी मारला. वारा नव्हता, तरी मारला. आता माझी बंदूक टांगा. उद्यापासून एबेल सांगेल."

खरखर चालली होती. एबेल म्हणाला, "बरं, दादा."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, तो म्हणाला होता तसाच, अगदी हवा तसा. आभाळात चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी जोसाया गेला. उपाशी गेला. मी त्याच्याजवळ बसून तो हंस खाल्ला, चार दिवस खाल्ला, आम्हाला न्यायला हेलिकॉप्टर येईपर्यंत. घास फिरत होता तोंडात, पण टाकू नकोस म्हणाला होता. हाडं धुऊन, दोरीत ओवून, कुत्र्यांना मिळू नयेत म्हणून झाडावर टांगली. हंसाचा तेवढा तरी मान राखला.

पुढच्या वसंतात हंस आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. एबेल रोज सातला रेडिओवर सांगायचा, आणि एके वर्षी त्यानेही सांगणं सोडलं. तळ उठले. दुकानात रांगेत उभी असले की ऐकू यायचं, "म्हाताऱ्या जोसायाने मरता मरता खाडी सोबत नेली." माझ्या तोंडावर म्हणायचे. एकतीस वर्षं ज्याने एक वावगा बार खपवून घेतला नाही, त्याचं नाव आता वारा पडलेल्या दिवशीच्या बाराला चिकटलं होतं. पोरं खेळताना कुणी वेडेपणा केला तर म्हणायची, "जोसाया करू नकोस."

ते ऐकलं आणि मला सहन झालं नाही. मी तडक एबेलकडे गेले. तो अंगणात जाळं विणत बसला होता. म्हटलं, "भाऊजी, तो बार मी काढला होता. त्याने नाही. मी उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे."

एबेलने मान वर केली नाही. "माहीत आहे, वहिनी. दादाला वाटी उचलवत नव्हती, बंदूक कुठून उचलणार? सगळ्या गावाला माहीत आहे."

 "मग त्याचं नाव का घेता? मला बोला, मला हाणा."

"त्याने सांगितलं ना, मी मारला म्हणून. कारभारी होता तो. त्याचं शेवटचं सांगणं होतं ते." त्याने गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तसंच, भावासारखं. "एक मोडलंस, वहिनी. आता हेही मोडणार?"

मी घरी आले.